कोरडा कुंचला

आमच्या आळीला हल्ली लोक कलाग्राम म्हणायला लागलेत. म्हणोत बापडे. टेकडीच्या पायथ्याला एक निळा फलक लागलाय, त्यावर आळीचा इतिहास लिहिलाय, कुणा सरदारानं चितारी आणून वसवले वगैरे. ज्याला हवा त्यानं तिथं उभं राहून वाचावा, मी तो इथं उगाळत बसणार नाही. दर रविवारी सकाळी गळ्यात कॅमेरे आणि हातात फोन घेतलेली पोरंपोरी दगडी पायऱ्या चढून वर येतात. त्याला ते फोटोवॉक म्हणतात. पायऱ्यांचे फोटो, कोनाड्यांचे फोटो, दोरीवरच्या साड्यांचे फोटो, आमच्या मांजरीचे फोटो. वरून खाली पार चाकणपर्यंत कंपन्यांची पत्र्याची छपरं दिसतात, पण तिकडे कुणी कॅमेरा वळवत नाही. तर गेल्या रविवारी मी माझ्या ओट्यावर, माझ्या दारात, लसूण सोलत बसले होते. त्यांना वाट दाखवणारी एक पोरगी पुढं आली आणि गोड आवाजात म्हणाली, "आजी, पाच मिनिटं जरा बाजूला होता का? हे त्या फेमस फोटोतलं दार आहे. तुम्ही फ्रेममध्ये येताय."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पोरीचा तसा दोष नाही, तिला जे सांगितलंय तेच ती बोलणार. पण हेच वाक्य, ह्याच ओट्यावर, मी पोरसवदा असताना एकदा ऐकलं होतं, आणि तेव्हा मुकाट्यानं बाजूला झाली ती माझी आई होती. पोरीला मी काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते. आधी तो फोटो कसा निघाला ते सांगू द्या, कारण तो सगळीकडे धादांत खोटा सांगितला जातो आणि खरं माहीत असलेली आता मी एकटीच उरलेय.

आमचा धंदा गौरीच्या मुखवट्यांचा. शाडूचे नवे मुखवटे करायचेच, पण खरं काम जुन्यांचं. आसपासच्या गावांतल्या बाया आपल्या घरच्या गौरींची जोडी आषाढात आमच्याकडे आणून टाकायच्या. जुना रंग खरवडून काढायचा, पांढरा हात द्यायचा, मग हळदी रंग, गालाला लाली, ओठ, आणि सगळ्यात शेवटी डोळे. डोळे काढण्याला आम्ही आखणी म्हणतो. श्रावणात आमच्या घरात फळीवर ओळीनं बिनडोळ्यांच्या गौरी मांडलेल्या असायच्या. लहानपणी मला त्यांची भीती वाटायची, मग सवय झाली, मग त्यांच्यासमोर बसून मी अभ्यासही करू लागले. घरभर डिंकाचा, ओल्या मातीचा आणि आईच्या काजळाचा वास. आई तिळाच्या तेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताट उपडं धरून काजळी धरायची आणि ती डिंकाच्या पाण्यात घोटायची, इतकी घोटायची की पाट्याचा आवाज ऐकत मला झोप लागून जायची. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. रेघ केसाएवढी.

आता रीत अशी की देवीचे डोळे बाईनं काढायचे नाहीत. बाई माती मळेल, रंग घोटेल, लाली लावेल, पण डोळे पुरुषाच्या हातचे. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. आमच्या आजोबांच्या काळापर्यंत ते निभलं. मग पिंपरीत कंपन्या आल्या आणि आळीतले सगळे बाप्ये एकामागून एक कंपनीत लागले. लागणारच हो, महिन्याच्या महिन्याला पगार कुणाला नको असतो? आमचे आण्णाही, म्हणजे माझे वडील, एका कंपनीत पेंटशॉपला होते, दिवसभर पत्र्यावर रंगाचा फवारा मारायचे. सकाळी भोंगा झाला की टेकडीवरून खाकी कपड्यांची रांग खाली उतरायची. श्रावण-भाद्रपदात नेमका ओव्हरटाइम. गौरी तर थांबत नाहीत. मग घरोघरच्या बायांनी दार लोटून घेऊन कुंचला हातात घेतला. आणि रीत मोडली असं व्हायला नको म्हणून आमच्या लोकांनी एक शहाणपणाची युक्ती काढली. बाईनं डोळे काढायचे, आणि घरधन्यानं शिफ्टहून आल्यावर हातपाय धुऊन एक कोरडा कुंचला त्या डोळ्यांवरून नुसता फिरवायचा. झाली पुरुषाच्या हातची आखणी! ह्याला आळीत कोरडा हात म्हणायचे. गिऱ्हाइकांना ह्यातलं काही ठाऊक नसायचं. आळीतल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं, पण तोंडातून कुणी काढायचं नाही, कारण बाहेर कळलं तर दुसऱ्या वर्षी एकही जोडी टेकडी चढणार नाही.

मला ती युक्ती तेव्हाही पटायची नाही. आई मात्र म्हणायची, "जाऊ दे गं शके. देवीला म्हाईत हाय ना." तिचं नाव गोदावरी, आळीत सगळे गोदाकाकू म्हणायचे. मुखवटा ती कधी चौरंगावर उभा करून रंगवायची नाही. मांडी घालून बसायची, मुखवटा मांडीवर उताणा घ्यायची, तोंडाला पदर बांधायची म्हणजे श्वास लागू नये, आणि तान्ह्या लेकराला काजळ घालावं तसे डोळे घालायची. आधी भुवई, मग वरची पापणी, मग खालची, मग बुबुळ, आणि शेवटी काळ्यात एक पांढरा ठिपका. तो ठिपका पडला की मांडीवरचं ते मातीचं तोंड एकदम तुमच्याकडे बघायला लागायचं. आणि पाळायची किती ती! तिचे चार दिवस आले की आपण होऊन बाहेर बसायची, कुंचल्याच्या खोलीकडे फिरकायची नाही, अगदी ऐन घाईतसुद्धा. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आण्णा वाईट नव्हते, हेही सांगायला हवं, नाहीतर माझ्या रागाला काही अर्थच उरणार नाही. कँटीनमध्ये जिलेबी मिळाली की स्वतः न खाता रुमालात बांधून माझ्यासाठी आणायचे. घरी येईतो पाकानं रुमाल चिकट झालेला असायचा. मला कुंचला धरायला त्यांनीच आधी शिकवलं. तरुणपणी त्यांचा हातही बरा होता म्हणतात. पण फवाऱ्याची बंदूक धरून धरून तो हात जड झाला. त्यांना ते कळत होतं आणि सलतही होतं, एवढं मला आज समजतं. तेव्हा समजत नव्हतं, आणि समजलं असतं तरी राग कमी झाला असता असं नाही.

तर एका भाद्रपदाच्या तोंडाशी, रविवारी, पुण्याहून कॅमेरेवाल्यांची एक टोळी आली. तेव्हा फोटोवॉक हा शब्द नव्हता, त्यांचा कसलासा क्लब होता. पुढारी एक सर होते. नाव सांगत नाही, गेले बिचारे. पायऱ्या चढताना त्यांना धाप लागायची आणि प्रत्येक कोपऱ्यावर थांबून ते "वा! काय उजेड आहे!" म्हणायचे. आमच्या दारी आले तेव्हा, वाटेवर बाहेरचं कुणी नाही असं बघून, आई ओट्यावर उजेडाला बसली होती, मांडीवर निघोज्याच्या एका घरची थोरली गौर, डोळे नुकतेच झालेले. परकी माणसं बघून तिनं झटकन कुंचला पदराखाली घेतला. आण्णांना सुटी होती. ते आतून कोरडा कुंचला घेऊन बाहेर येत होते, रोजच्यासारखा फिरवायला. सरांनी ते बघितलं आणि चेकाळलेच. "तसेच थांबा! तसेच! मुखवटा उभा करा की, दारात, चौकटीला टेकवून. हां. कुंचला डोळ्याजवळ." मग आईकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा, तुमची सावली पडतेय."

आई उठली. सावली पडू नये म्हणून पार खाली पायरीवर जाऊन उभी राहिली, हातात काजळाची वाटी घेऊन. माझ्या डोळ्यांदेखत आण्णा दारात उभे राहिले, मान तिरकी करून, कोरडा कुंचला आईनं काढलेल्या डोळ्याला लावून. खटाखट फोटो निघाले. सरांनी विचारलं, "हे डोळे तुम्हीच काढता?" आण्णांनी एकदा खाली पायरीकडे बघितलं. खोटं बोलणं त्यांना भाग होतं, ते मला मान्य आहे, सगळ्या आळीचं पोट त्या खोट्यावर होतं. पण नुसतं 'व्हय' म्हणून गप्प बसता आलं असतं ना? ते म्हणाले, "व्हय. आमच्या घराण्याचा हात हाय. वाडवडलांपासून चालत आलंय."

तो फोटो गाजला. पेपरात आला, कुठल्याशा कॅलेंडरवर आला, खाली छापलेलं, देवीला दृष्टी देणारा कलावंत. कंपनीत साहेबानं आण्णांचा नारळ देऊन सत्कार केला. सरांनी एक मोठी प्रत काचेत मढवून पाठवली, ती भिंतीवर लागली, बरोबर मुखवट्यांच्या फळीच्या वर. आण्णा जाता येता तिच्याकडे बघायचे. आळीतली माणसं तोंडावर "लै झ्याक" म्हणायची आणि पाठ फिरली की फिदीफिदी हसायची. आईनं फोटो एकदाच नीट बघितला. म्हणाली, "फोटू झ्याक आलाय. पन आसा कुंचला धरून झाडणीबी मारता यायची न्हाई." आणि भाकऱ्या थापायला निघून गेली. मी खूप हसले होते. आण्णा नाही हसले.

पुढच्या श्रावणात सरांनी निगडीच्या एका हॉलमध्ये क्लबचं प्रदर्शन भरवलं, आणि उद्घाटनाला काय, तर आण्णांनी सगळ्यांसमोर गौरीचे डोळे काढून दाखवायचे. आण्णांना नाही म्हणता आलं असतं. शिफ्ट आहे, सोवळ्यातलं काम आहे, चारचौघांत करायचं नसतं, हजार सबबी होत्या. पण एकदा डोक्यात हवा गेली की माणसाला सबबी सुचत नाहीत. घरी येऊन आईला म्हणाले, "गोदे, जरा हात बसवून दे." आईनं बसवायचा प्रयत्न केला. खापऱ्यांवर, पाटीवर, मोडक्या मुखवट्यांवर. रेघ मेली सरळ येईचना. शेवटी आईनंच तोड काढली, फिकट गेरूनं सगळा डोळा आधीच आखून दिला, दुरून दिसणार नाही इतका फिकट. त्यावरून काळं फिरवलं की झालं. "घाई करू नगा. श्वास धरा," एवढंच सांगितलं.

हॉलमध्ये शंभर लोक तरी असतील. पायथ्याशी गॅरेज असलेले आमचे रशीदचाचा टेम्पोनं आम्हाला घेऊन गेले होते. तेही हात पुसून आत येऊन बसले. आई आणि मी शेवटच्या रांगेत. तिनं लग्नातलं पातळ नेसलं होतं. आण्णा धोतर-कोट घालून चौरंगापुढं बसले, कुंचला बुडवला, आणि तिथंच चूक केली, काजळ निथळू दिलं नाही. भुवई कशीबशी झाली, पण पापणीवर काळा थेंब साचला आणि सगळ्यांच्या देखत गौरीच्या गालावरून पार हनुवटीपर्यंत ओघळला. सर पुढं झाले, सांभाळून घेत म्हणाले, "काय झालं, आण्णा?"

आणि आण्णा म्हणाले, मोठ्यानं, मागच्या रांगेपर्यंत ऐकू येईल असं, "द्येवीचं काम हाय सर. घरात बायांचा हात लागला आसंल. इटाळ झाला की डोळा धरत न्हाई."

लोकांनी माना डोलावल्या हो! "असतं बाई, शास्त्र असतं," म्हणाल्या आमच्या पुढच्या रांगेतल्या एक भरजरी बाई. कॅमेरे पुन्हा खटखटायला लागले, तो ओघळसुद्धा त्यांना सुंदर दिसत होता. मी ताडकन उठत होते, तर आईनं माझं मनगट धरलं. धरलं म्हणजे असं धरलं की वळ उठला. तिच्याकडे बघितलं तर ती समोर कुठंच बघत नव्हती. दुसऱ्या हाताची काजळानं काळी झालेली बोटं ती पदरात लपवत होती. आज इतकी वर्षं झाली, मी आजी झाले, शाळेत पिढ्यान्‌पिढ्या पोरांना चित्रकला शिकवून निवृत्त झाले, पण ती बोटं आठवली की माझे दात आपोआप आवळले जातात. चुकला हात तर चुकला म्हणायचं होतं. डोळ्यांत काही गेलं म्हणायचं होतं. त्याच बायकोनं रात्र रात्र घोटलेलं काजळ, तिनंच आखून दिलेला डोळा, आणि विटाळही तिचाच!

परतताना टेम्पोत आण्णा पुढं बसले, आम्ही मागं, तो बिघडलेला मुखवटा मधे ठेवून. चढ लागला तेव्हा रशीदचाचा गिअर टाकता टाकता म्हणाले, "आण्णा, तुम उमर में बडे, पर ये बात कुछ बराबर नै बोले." आण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आल्यावर आईनं पातळाची नीट घडी केली, गूळ घालून चहा केला, सगळ्यांना दिला. मला वाटलं, गिळलं हिनं हेही. आईला ओळखायला मी कमी पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चुलीला पोतेरं केलं, कुळथाचं पीठ मळलं आणि शेंगोळे वळायला बसली. फळीवर गौरी रांगेनं तयार, लाली लागलेली, डोळे बाकी. मी विचारलं, "आई, काजळ घोटू?" तर म्हणाली, "नगो. आपला हात नगो लागाया. इटाळ व्हईल." आण्णांना वाटलं, एक दिवसाचा रुसवा. दोन दिवस गेले, चार गेले. आई भाकरी करत होती, धुणं धूत होती, शेजारणींशी हसून बोलतही होती, फक्त त्या खोलीचा उंबरा ओलांडत नव्हती. शेजारणींनी विचारलं तर तेच, "इटाळ व्हईल बाई." हळूहळू आणखी दोन-तीन घरांतले पाटे गप्प झाले. हॉलमध्ये काय घडलं ते रशीदचाचांच्या गॅरेजातून आळीभर पोचलंच होतं.

आण्णांनी एक दिवसाची रजा काढली आणि खोलीचं दार लावून स्वतः बसले. संध्याकाळी एक जोडी घेऊन बाहेर आले. काय सांगू! धाकटीचा एक डोळा निगडीकडे, एक निघोज्याकडे. त्यांनी स्वतःच ती पुसून टाकली. मग मला हाक मारली. "शके, तुजा हात बरा हाय. तू काड. मी कोरडा हात लावतो." मी म्हटलं, "माझा हातबी बाईचाच हाय, आण्णा." त्यांनी हात उगारला. चुलीपुढून आई वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "मारा. त्याच हातानं मग डोळं काडायचं हायेत." उगारलेला हात खाली आला. मला वाटतं त्या क्षणी त्यांना रडू येत होतं. येऊ दे, असं मला वाटलं. आजही वाटतं.

गौरी बसायच्या आदल्या दिवशी सकाळपासून बाया पायऱ्या चढून यायला लागल्या. आपली गौर नेताना तिच्या तोंडावर नवा खण टाकून न्यायची, वाटेत उघडायची नाही. हातात खण घेऊन बायांची रांग आमच्या ओट्यापासून खालच्या वळणापर्यंत लागली. आण्णा दारात उभे, घामाघूम. "जरा आडचन हाय, सांजच्याला या." रावेतची पाटलीण सगळ्यात पुढं होती. तेव्हा रावेतात शेतं होती, आताच्या ह्या आभाळाला भिडलेल्या बिल्डिंगा नव्हत्या, आणि पाटलिणीचा शब्द चालायचा. ती म्हणाली, "सांजच्याला? उद्या गवरी बसायच्या आन डोळं न्हाईत? आवो, फोटूत तर लै ऐटीत काडत हुता!"

तेव्हा आई बाहेर आली. हातात काजळाची वाटी, कुंचला, आणि खांद्यावर गोणपाट. दाराच्या तोंडाशी, जिथं फोटोत आण्णा उभे आहेत बरोबर तिथं, तिनं गोणपाट अंथरलं आणि मांडी घालून बसली. आण्णांना बाजूला व्हावंच लागलं. आई म्हणाली, "ऐका बायांनो. डोळं मी काडते. आजवर तुमच्या घरच्या गवरींचं डोळं मीच काडलेत. ह्ये नुसता कोरडा कुंचला फिरीवत्यात. आता दार उघडं हाय, हितं बसून काडनार. ज्येला चालतंय त्येनं थांबा. ज्येला चालत न्हाई त्येनं आपली गवर उचलावी." आमचं घरच नाही, आख्ख्या आळीचं पोट तिनं त्या ओट्यावर उघडं मांडलं होतं. शेजारच्या दारांतून बायका डोकावत होत्या.

पाटलीण लालबुंद झाली. "म्हंजी इतकी वर्सं आमाला बाटवलं व्हय?" म्हणाली, फळीवरून आपली जोडी उचलली, बिनडोळ्यांच्या तोंडांवर खण टाकले आणि ताडताड पायऱ्या उतरली. तिच्यामागं आणखी पाच-सहा जणी गेल्या. पुरुषांचा राग येतो तो एक येतो, पण ह्या बायांचा मला जो आला तो काही औरच होता. रांग हलायला लागली, आता सगळ्याच जातात असं वाटलं. तेवढ्यात निघोज्याची ठकूआजी काठी टेकत पुढं आली आणि आईसमोर बसकण मारली. ही तीच, जिच्या गौरीचे डोळे त्या फोटोत आहेत. म्हणाली, "आगं, गवरीला घरात आनती बाई. पाय धुती बाई, लुगडं नेसवती बाई, जेवू घालती बाई. आन डोळ्याला तेवढा कंपनीतला मानूस पायजे व्हय? काड बाई माज्या लेकीचं डोळं. लौकर काड, घरी भाजी निवडायची पडलीया."

आईनं तोंडाला पदर बांधला, ठकूआजीची थोरली मांडीवर घेतली. उघड्यावर, चांगल्या लख्ख उजेडात, एवढ्या बायांसमोर तिचा हात पहिल्यांदाच चालत होता आणि तो जरासुद्धा हलला नाही. भुवई, पापणी, बुबुळ. ठिपका पडला तेव्हा पुढच्या बायांनी नकळत हात जोडले. मग एक झालं. ज्याला मी त्या दिवसातलं खरं मोठं म्हणते ते हे. आण्णा इतका वेळ भिंतीला टेकून उभे होते. डोळे झालेले दिसताच, सवयीनंच असेल, ते कोरडा कुंचला घेऊन पुढं झाले आणि वाकले. आईनं मुखवटा त्यांच्या हाताखालून काढून घेतला, ठकूआजीचा खण त्यावर टाकला आणि म्हणाली, "झालं. न्या." आण्णा तसेच वाकलेले राहिले, कुंचला हवेत. मग सरळ झाले, खुंटीवरचा डबा घेतला आणि दुसऱ्या शिफ्टला निघून गेले.

माफी त्यांनी मागितली नाही. त्या दिवशी नाही, पुढं कधीच नाही. आईनं मागायलाही लावली नाही, पण कोरडा हात आमच्या घरातून त्या दिवशी जो गेला तो गेला, आणि दोन-तीन वर्षांत आळीतूनही गेला. पाटलिणीचं सांगायचं राहिलं. त्याच दिवशी तिन्हीसांजेला तिची सून पदराखाली जोडी लपवून आली. आईनं ती मांडीवर घेतली, डोळे काढले, पोरीला चहा पाजला आणि एका शब्दानंही टोचलं नाही. मी असते तर चांगली टोचून टोचून परत पाठवली असती.

पण फोटो राहिला. भिंतीवरून तो कुणी काढला नाही, पुढं पुस्तकांतही छापला गेला, तिथून तर काढणार कोण? आण्णा मरेपर्यंत देवीला दृष्टी देणारेच राहिले, शाली घेत राहिले. आईचा हातात कुंचला घेतलेला एकही फोटो जगात नाही. त्या दिवशी ओट्यावर कॅमेरा कुणाकडेच नव्हता. पुढच्या वर्षी सर पुन्हा आले, सगळं ऐकून आले होते, ओशाळले होते, म्हणाले, "ताई, एक तुमचा काढू द्या." आई म्हणाली, "नगो. येकदा बाजूला झाले ती झाले." शेवटपर्यंत तिनं फोटो काढून दिला नाही. मी कितीदा विनवलं तरी नाही.

तर गेल्या रविवारी ती पोरगी मला बाजूला व्हायला सांगत होती. मी म्हटलं, "नाही होणार. दार माझं आहे." पोरं चुळबुळायला लागली. मी लसणाचं ताट सारलं, आत गेले, फळीवरची एक गौर, वाटी आणि कुंचला घेऊन आले. हल्ली नजर अधू झालीय, पण उजेड चांगला होता. दाराच्या तोंडाशी मांडी घालून बसले, पदर बांधला आणि मुखवटा मांडीवर घेतला. "काढायचा तर माझ्यासकट काढा," म्हटलं. ठिपका पडेपर्यंत नुसते फोनचे आवाज. मग ती पोरगी गुडघ्यांवर बसली, चेहरा उतरलेला, म्हणाली, "सॉरी आजी. मला माहीत नव्हतं. फोटोखाली नाव टाकते, सांगा ना तुमचं."

"गोदावरी," मी म्हटलं.

तिनं लिहून घेतलं. माझं नाव शकुंतला आहे हे आळीतल्या मांजरीलाही ठाऊक आहे. पण ह्या दाराच्या फोटोखाली भलतंच नाव टाकायची रीत काही मी पाडलेली नाही. एकदा आमच्या बाजूनं चुकू दे.